जर-तरचा न्याय

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागलें म्हणजे थोड्याच अंतरावर काल्हेर हें गांव येतें. आज त्याची ओळख सांगावयाची तर गोदामांचें गांव अशीच सांगावी लागेल. ठिकठिकाणांहून आलेला माल येथल्या पत्र्याच्या छपरांखालीं चार दिवस विसावतो व पुढच्या मार्गाला लागतो. परंतु गोदामांच्या रांगांपलीकडे उल्हास नदीची खाडी आहे, खाडीच्या कांठीं तिवरें आहेत, आणि दिवसांतून दोन वेळां भरतीचें पाणी त्या तिवरांच्या मुळांवर चढतें व उतरतें. तर्कशास्त्रांतील एक जुना आणि नाजूक प्रश्न समजून घेण्यास या पाण्याइतकें सोपें साधन शोधूनहि सांपडणार नाहीं.

‘भरती पुरी आली असेल तर कांठच्या तिवरांच्या मुळांवर पाणी असतें,’ एवढें एकच विधान घ्यावें. त्याचे दोन भाग आहेत. ‘जर’शीं बांधलेला पहिला भाग तें पूर्वांग, ‘तर’च्या मागून येणारा दुसरा भाग तें उत्तरांग. भरतीची वेळ झाली आहे असें पंचांगावरून काढलें तर घरांत बसूनहि मुळांवर पाणी आहे असें म्हणतां येतें. मुळें उघडीं पडलेलीं दिसलीं तर पंचांग न पाहतांहि भरती नाहीं असें म्हणतां येतें. हे दोन्ही रस्ते पक्के आहेत. परंतु मुळांवर पाणी दिसलें म्हणून भरती आहेच, असें म्हणणारा मनुष्य श्रावणांत हटकून फसेल. कारण वरच्या बाजूनें उल्हासला पूर आला असेल तर ओहोटीच्या वेळींहि मुळें बुडालेलीं असावयाचीं. आणि भरती नाहीं म्हणून मुळें कोरडीं असलींच पाहिजेत, हें म्हणणेंहि तोच पूर खोटें पाडतो. चारहि वाक्यें कानाला सारखींच लागतात. शब्द तेच, चिखल तोच, पाणी तेंच. आणि तरी दोन वाटा मुक्कामाला नेतात व दोन चिखलांत रुतवितात.

लोक या फसव्या वाटांनीं इतके सहज कां जातात, याचें उत्तर रोजच्या बोलण्यांत आहे. आई मुलाला सांगते, ‘अभ्यास केलास तर लाडू देईन.’ मूल त्याचा अर्थ असा घेतें कीं, अभ्यास केला नाहीं तर लाडू नाहीं. आणि खरें पाहतां आईच्या मनांतहि तोच अर्थ असतो. तिनें वास्तविक ‘तरच’ म्हणावयास हवें होतें. घरगुती व्यवहारांत ‘तर’च्या पोटांत एक ‘च’ दडलेला असतो आणि तो सर्वांना न उच्चारतांहि ऐकूं येतो. निसर्ग आणि इतिहास मात्र आईच्या भाषेंत बोलत नाहींत. तेथें ‘तर’ म्हणजे ‘तर’च, त्यांत ‘च’ घालावयाचा असेल तर त्याचा निराळा पुरावा द्यावा लागतो. ज्यांनीं हा एका अक्षराचा फरक विसरून ग्रंथ लिहिले त्यांचे ग्रंथ पुष्कळ जाड झाले आहेत.

आपल्याकडील नैयायिकांना ही गोष्ट फार पूर्वीं उमगली होती. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या परंपरेंत वाढलेल्या या मंडळींनीं धूर आणि अग्नि या एकाच जोडीवर शतकानुशतकें वाद केला, म्हणून कांहीं लोक त्यांना हंसतात. परंतु ती जोडी त्यांनीं आळसानें निवडली नव्हती. जेथें धूर आहे तेथें अग्नि आहे हें खरें; पण जेथें अग्नि आहे तेथें धूर आहे हें खरें नाहीं, आणि त्याला दाखला म्हणून त्यांनीं लोहाराच्या भट्टींतून काढलेला लालबुंद लोखंडाचा गोळा पुढें केला. त्यांत अग्नि आहे, धूर नाहीं. धूर केव्हां निघतो, तर अग्नीशीं ओल्या इंधनाचा संयोग होतो तेव्हां. ही जी मधली अट, तिला त्यांनीं उपाधि हें नांव दिलें. धूर हा व्याप्य, अग्नि हा व्यापक. व्याप्यावरून व्यापकाकडे जातां येतें, व्यापकावरून व्याप्याकडे परततां येत नाहीं. परत यावयाची वाट एकच, आणि ती नकाराची : तळ्यांत अग्नि नाहीं, तेव्हां तेथें धूरहि नाहीं. खाडीकांठच्या उदाहरणांत भरती हें व्याप्य व पाणी हें व्यापक होय, एवढें ध्यानांत घेतलें कीं नैयायिकांचें सारें अवघड शास्त्र निम्म्यानें सोपें होतें.

यांतच त्यांनीं ‘तर्क’ या शब्दाला एक नेमका अर्थ दिला. डोंगरावर धूर दिसत असतां कोणी म्हणाला कीं तेथें अग्नि नसेल, तर त्याला उत्तर द्यावयाचें : अग्नि नसता तर धूरहि नसता. प्रतिपक्षाचें म्हणणें घटकाभर खरें धरावयाचें, त्यांतून निघणारें फळ काढावयाचें, आणि तें फळ प्रत्यक्षाशीं विसंगत आहे असें दाखवावयाचें. मौज अशी कीं, नैयायिकांनीं या तर्काला प्रमाणांच्या पंक्तींत बसविलें नाहीं. प्रमाणाचा साहाय्यक म्हणून त्याला खालच्या पाटावर बसविलें. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत विद्यार्थ्याला ही सारी व्यवस्था थोडक्यांत सांपडते. मुंबई संस्कृत मालेंत यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांनीं १८९७ मध्यें त्या चिमुकल्या ग्रंथाची जी आवृत्ति सिद्ध केली तिच्या टीपांत नैयायिकांच्या विचारांची युरोपीय तर्कशास्त्राशीं तुलना केलेली आहे. कॉलेजांतल्या कित्येक पिढ्यांना आपल्या आजोबांचा न्याय आणि आपल्या प्रोफेसरांचें लॉजिक हीं एकाच घरचीं आहेत हें अशा टीपांवरून प्रथम समजलें.

ग्रीस देशांतहि हा विषय निराळ्या वाटेनें याच ठिकाणीं आला होता. ॲरिस्टॉटलनें ‘सर्व’, ‘कांहीं’ अशा शब्दांनीं जोडलेल्या विधानांचें शास्त्र रचलें. ‘जर’ आणि ‘तर’ यांचें शास्त्र रचण्याचें काम मुख्यतः स्टोइक पंथाच्या क्रिसिपसनें इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत केलें. दिवस असेल तर उजेड असतो, हें त्यांचें आवडतें उदाहरण. असल्या विधानाला खरें केव्हां म्हणावयाचें यावरच त्या काळीं एवढा वाद माजला कीं, कॅलिमॅकस नांवाच्या कवीनें त्यांत छपरावरच्या कावळ्यांनाहि ओढून थट्टा केली. त्या वादाचा शेवट अद्याप झालेला नाहीं. पण ऊपर दाखविलेल्या दोन शुद्ध व दोन अशुद्ध वाटांविषयीं ग्रीक व भारतीय यांच्यांत मतभेद नाहीं.

हें शास्त्र केवळ पाठशाळेंत घोकण्याचें नव्हे. काल्हेर ज्या मुलुखांत आहे त्या उत्तर कोंकणचा मध्ययुगीन इतिहास एकोणिसाव्या शतकांत दगड आणि तांबें यांवरील अक्षरांतून उभा राहिला, आणि तो उभारतांना याच जर-तरच्या कसोट्या पदोपदीं लागल्या. त्यांतला एक प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे.

उल्हास नदीला मिळणाऱ्या वालधुनीच्या कांठीं अंबरनाथचें प्रसिद्ध शिवालय आहे. तेथें दगडी तुळईवर एक शिलालेख असून त्यांत मांवाणि अथवा मुम्मुणि या शिलाहार महामंडलेश्वराचें नांव आहे व शकाचा अंक आहे. शिलाहार हे सुमारें इ. स. ८०० पासून १२६५ पर्यंत उत्तर कोंकणावर राज्य करणारे घराणें. डॉ. भाऊ दाजी यांनीं हा लेख प्रथम विद्वानांच्या पुढें मांडला, तेव्हां त्यांनीं शक ७८२ असा वाचला, म्हणजे इ. स. ८६०. पुढें त्यांच्याच हाताखालीं तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच लेख पुन्हां तपासून शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा वाचला. पहिला अंक सात कीं नऊ, एवढाच वाद; परंतु त्या एका अंकाच्या पोटांत दोनशें वर्षें होतीं. देवालय राष्ट्रकूटांच्या भर वैभवाच्या काळीं बांधलें कीं राष्ट्रकूट लयाला गेल्यावर बांधलें, हा प्रश्न त्या अंकावर लटकत होता. महाराष्ट्रांतील शिल्पाचा इतिहास लिहिणाऱ्याला तर तो डोळ्यांआड करतां येण्यासारखाच नव्हता.

झिजलेल्या दगडावरच्या अंकाविषयीं दोन थोर विद्वानांचे डोळे निरनिराळी साक्ष देतात, तेव्हां तिसऱ्यानें काय करावें? डोळे आणखी ताणून पाहणें हा एक उपाय आहेच. दुसरा उपाय नैयायिकांच्या तर्काचा. शक ७८२ हें वाचन घटकाभर खरें धरावें. तें खरें असेल तर त्या वर्षीं उत्तर कोंकणच्या गादीवर मुम्मुणि असला पाहिजे. आतां साष्टींतील कान्हेरीच्या लेण्यांकडे जावें. तेथील शिलालेखांत शक ७६५ मध्यें पुल्लशक्ति हा शिलाहार राजा आहे. शक ७७५ च्या सुमारास त्याचा मुलगा कपर्दी आहे. आणि शक ७९९ मध्यें पुन्हां तोच कपर्दी आहे. म्हणजे ७८२ च्या आधींहि कपर्दी आणि नंतरहि कपर्दी. मुम्मुणीला त्या गादीवर बसावयास जागाच उरत नाहीं. उत्तरांग खोटें ठरलें, तेव्हां पूर्वांगहि खोटें ठरलें. मुळें उघडीं आहेत, भरती नाहीं.

दुसऱ्या बाजूनेंहि तीच परीक्षा होते. भांडुप येथील शिलाहार छित्तराजाचा ताम्रपट शक ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. अनंतदेव राजाचा शक १०१६ चा खारेपाटणचा ताम्रपट घराण्याची वंशावळ देतो, आणि तीवरून छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणि हे तिघे भाऊ होते व अनंतदेव हा त्यांचा पुतण्या होता असें कळतें. तेव्हां अंबरनाथचा लेख ७८२ चा असेल तर धाकट्या भावाचा लेख थोरल्या भावाच्या ताम्रपटाच्या १६६ वर्षें आधीं कोरला गेला असें मानावें लागेल. इतकेंच नव्हे. भिवंडी तालुक्यांतील भादाणें गांवाच्या दानाचा जो ताम्रपट डॉ. कीलहॉर्न यांनीं प्रसिद्ध केला तो या तिघा भावांच्या आजोबांचा, म्हणजे अपराजिताचा असून शक ९१९ चा आहे. नातवानें आजोबांच्या १३७ वर्षें आधीं देऊळ बांधलें, असा हा चमत्कार होतो.

येथें भाऊ दाजींना दोष देण्याची घाई करूं नये. ते १८७४ मध्यें वारले. भांडुपचा ताम्रपट डॉ. ब्यूलर यांनीं १८७६ मध्यें छापला. खारेपाटणचा हा ताम्रपट काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं १८८० मध्यें छापला. भादाण्याचा तर शतकाच्या अखेरच्या दशकांत बाहेर आला. ज्या उत्तरांगानें त्यांचें वाचन मोडलें तें उत्तरांग तपासण्याचीं बहुतेक साधनें त्यांच्या हयातींत उजेडांतच आलेलीं नव्हतीं.

परंतु आतां एक पाऊल जपून टाकावयाचें आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांत नेमकें तेंच पाऊल पुष्कळदां निष्काळजीपणें टाकलें जातें. ७८२ खोटें ठरलें, हें सिद्ध झालें. त्यावरून ९८२ खरें ठरलें काय? पुष्कळजण म्हणतील कीं, ९८२ खरें असेल तर तें छित्तराजाच्या शक ९४८ नंतर व अनंतदेवाच्या शक १०१६ पूर्वीं येईल. तें तसें येतें. म्हणून ९८२ खरें. ही फसवी वाट आहे. ९६२ हें वर्षहि त्या दोहोंच्या मध्येंच येतें, आणि ९९२ हि येतें. जुळतें म्हणून खरें म्हणणें म्हणजे मुळांवर पाणी दिसलें म्हणून भरतीची घंटा वाजविणें होय. ९८२ ला जो आधार आहे तो निराळ्या रचनेचा आहे. शेवटच्या दोन अंकांविषयीं वाद नव्हता. वाद पहिल्या अंकाचाच होता. अंक तीन आहेत, तेव्हां पहिला अंक नऊपेक्षां मोठा असूं शकत नाहीं. सात धरला तर कान्हेरी आडवी येते. आठ धरला, म्हणजे शक ८८२, तर नातू आजोबांच्या ताम्रपटाच्या ३७ वर्षें आधीं राज्य करतो. त्याहून लहान अंक धरले तर घोटाळा वाढतच जातो. एकेक पूर्वांग आपापल्या उत्तरांगाच्या खोटेपणानें पडतें आणि नऊ हा अंक उरतो; शिवाय दगडावर भगवानलालांना तोच दिसलेला असतो. उरलेल्यावरून केलेलें हें अनुमान पक्कें आहे. मुम्मुणीचे शक ९७० व ९७१ च्या सुमाराचे ताम्रपट त्या वाचनाशीं जुळतात, तें अर्थात् समाधानाचें आहे. पण त्या समाधानाच्या आधींच निर्णय झालेला होता.

याच देवळाविषयीं लोकांत दुसरी एक गोष्ट सांगतात : तें पांडवांनीं एका रात्रींत बांधलें. या समजुतीच्या मुळाशींहि एक जर-तर आहे. पांडवांनीं बांधलें असतें तर तें माणसाच्या हातून न होण्यासारखें अचाट झालें असतें. तें तसें अचाट आहे. म्हणून पांडवांनीं बांधलें. महाराष्ट्रांत पांडवांच्या नांवावर किती लेणीं आहेत याची गणती नाहीं. त्या भाविक कुणब्याला हंसण्यापूर्वीं सुशिक्षितानें स्वतःकडे पाहावें. दगडी पाट्या जाड दिसल्या कीं किल्ला यादवकालीन, चुना दिसला कीं पोर्तुगीज, आणि खाडींत चिऱ्यांचा ढीग दिसला कीं प्राचीन बंदर, असा निकाल देणारा मनुष्य त्याच वाटेनें चाललेला असतो. फक्त त्याच्या पायांत बूट असतात.

मग जुळणाऱ्या पुराव्याला कांहींच किंमत नाहीं काय? किंमत आहे, पण ती कोठून येते हें समजून घ्यावयास पाहिजे. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद हें त्याचें उत्तम उदाहरण. बखरींच्या आधारानें शके १५४९ मधील वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ सालचा एप्रिल, ही तिथि पुष्कळ काळ रूढ होती. लोकमान्य टिळकांनीं १९१६ मध्यें जेधे घराण्याची शकावली विद्वानांच्या पुढें आणली, तींत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया ही तिथि निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढें तंजावराकडे सांपडलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांत तीच तिथि मिळाली, आणि जोधपुराकडे एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहांत मिळालेल्या जन्मपत्रिकेंतहि तीच मिळाली. आतां कडक नियमानें पाहिलें तर ‘ही तिथि खरी असेल तर निरनिराळे कागद एकच सांगतील, ते एकच सांगतात, म्हणून खरी’ हा तोच दोष झाला. परंतु वाक्य उलटवून पाहावें. ही तिथि खोटी असती, तर मावळांतलें एक देशमुख घराणें, दक्षिणेंत पोंचलेलें एक संस्कृत काव्य आणि मारवाडांतली एक पत्रिका, हीं एकमेकांना न विचारतां एकाच खोट्या तिथीवर कशीं येऊन पडलीं असतीं? तसें पडणें जवळ जवळ अशक्य. म्हणून तिथि खोटी असणें जवळ जवळ अशक्य. येथें बळ जुळण्यांत नाहीं; एकमेकांपासून दूर असण्यांत आहे. तिन्ही कागद एकाच कागदाच्या नकला निघाल्या असत्या तर सारें बळ गळून पडलें असतें. पुढें महाराष्ट्र शासनानेंहि हीच तारीख स्वीकारली. पंचांगावरून मतभेद ठेवणारे लोक अद्याप आहेत, तो निराळा विषय.

आतां पुन्हां काल्हेरकडे यावें. कारण या गांवाच्या बाबतींत एक प्रश्न खरोखरच अडून राहिलेला आहे. शेजारच्या मुलुखाला हजार वर्षांची लेखी साक्ष आहे. अपराजिताच्या ताम्रपटांतील भादाणें गांव आजहि त्याच नांवानें नांदत आहे, आणि ज्या लवणेतट येथील देवस्थानाला तें दान दिलें तें आजचें लोनाड. काल्हेरच्या खालच्या अंगास वसई आहे, वरच्या अंगास कल्याण आहे, समोर ठाणें आहे; तिघांच्या मधल्या पाण्यावर हें गांव बसलेलें आहे. तेव्हां अभिमानी गांवकरी म्हणेल कीं, आमचें गांवहि तितकेंच जुनें. आणि पुस्तकी मनुष्य म्हणेल कीं, कागद दाखवा.

पुस्तकी मनुष्याचें म्हणणें दोन रूपांनीं मांडतां येतें, आणि दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो असें म्हणाला कीं, ‘ताम्रपटांत नांव असेल तर गांव जुनें, काल्हेरचें नांव नाहीं, म्हणून गांव जुनें नाहीं,’ तर तो उघड उघड चुकला. भरती नाहीं म्हणून मुळें कोरडीं, असें म्हणण्याचाच हा प्रकार. ताम्रपट हा जुनेपणाचा एक पुरावा आहे. एकुलता एक नव्हे. येथेंहि ‘तर’ला न विचारतां ‘च’ जोडला गेला.

परंतु तो चतुर असेल तर दुसऱ्या रीतीनें बोलेल : ‘गांव शिलाहारांच्या काळीं असतें तर त्याचा उल्लेख आला असता, उल्लेख आलेला नाहीं, म्हणून तें नव्हतें.’ याची रीत अगदीं शुद्ध आहे. अंबरनाथचें ७८२ याच रीतीनें पडलें. मग हा निष्कर्षहि मान्य करावा काय? येथें रीतीकडे पाहून भागत नाहीं. पहिलें वाक्यच खरें आहे कीं नाहीं हें पाहावें लागतें. दानपत्र हें तालुक्याचें गांववार रजिस्टर नव्हे. त्यांत दिलेल्या गांवाचें किंवा शेताचें नांव येतें आणि चतुःसीमा सांगतांना शेजारचीं नांवें येतात. ज्या गांवाचें दान झालें नाहीं व ज्याच्या शेजारींहि झालें नाहीं, तें गांव कितीहि जुनें असलें तरी तांब्यावर चढावयाचें नाहीं. शिवाय कोरलेले सगळेच पत्रे हातीं आलेले नाहींत. तांबें भांड्यांच्याहि कामाला येतें. म्हणजे ‘असतें तर उल्लेख आला असता’ हें वाक्यच ढिलें आहे. रीत शुद्ध, पण पाया कच्चा.

असा मौनाचा पुरावा नेहमींच कच्चा असतो असेंहि नव्हे. १७८७ मध्यें ठाण्याच्या किल्ल्यांत पाया खणतांना अरिकेसरी राजाचे ताम्रपट निघाले. ते शक ९३९ चे, म्हणजे इ. स. १०१७ चे असून एशियाटिक रिसर्चेसच्या पहिल्या खंडांत १७८८ मध्यें त्यांचें भाषांतर छापलें गेलें. हिंदुस्थानांतील ताम्रपटांच्या अभ्यासाचा तो अगदीं आरंभीचा काळ. त्यांत अरिकेसरीच्या पूर्वजांची राजावळी आहे आणि तींत मुम्मुणीचें नांव नाहीं. मुम्मुणि अरिकेसरीच्या दीडशें वर्षें आधीं त्याच गादीवर बसला असता, तर राजांची नांवें क्रमानें सांगावयास बसलेल्या लेखकानें त्याला वगळला असता काय? एखादा दूरचा चुलता वगळला जातो. हा भागहि विसरतां कामा नये. तरी राजावळीच्या मौनाला जें वजन आहे तें दानपत्रांतील गांवांच्या मौनाला नाहीं. कारण राजावळीचें कामच नांवें सांगणें हें आहे. मौन कोणाचें आहे, आणि बोलणें हें त्याचें काम होतें कीं नाहीं, हें पाहिल्याशिवाय मौनाची साक्ष घेतां येत नाहीं.

अभिमानी गांवकऱ्याच्या पदरांतहि फारसें पडत नाहीं. जुनें बंदर असतें तर खाडींत दगड सांपडले असते, दगड आहेत, म्हणून बंदर होतें, असें त्याला म्हणतां येणार नाहीं. दगड मीठागराच्या बांधाचे असतील, उताराच्या धक्क्याचे असतील, किंवा कोणी भरावाला टाकलेले असतील. कल्याण, ठाणें व वसई यांच्या मध्यें आहे म्हणून जुनें, हेंहि अनुमान नव्हे. तो शेजारधर्म झाला. तेव्हां काल्हेर शिलाहारकालीन आहे असेंहि म्हणतां येत नाहीं आणि नाहीं असेंहि म्हणतां येत नाहीं. नैयायिक या अवस्थेला संशय म्हणतात, आणि संशय हा त्यांच्या सोळा पदार्थांत गणलेला असल्यामुळें त्याची कोणाला लाज वाटावयास नको.

गोदामांसाठीं काल्हेरच्या शेतजमिनींत गेल्या कांहीं दशकांत असंख्य पाये खणले गेले, आणि अद्याप खणले जात आहेत. ठाण्याचे ताम्रपट अशाच एका पायाच्या खड्ड्यांतून वर आले होते, आणि तेव्हां ते कोणी तरी हातांत घेऊन पाहिले म्हणून राहिले. काल्हेरच्या खड्ड्यांची माती कोणी जाणत्यानें पाहिली असेल आणि तींत कांहींच निघालें नसेल, तर त्या न निघण्यालाहि थोडी किंमत येईल. न पाहतांच ती भरावाला गेली असेल, तर ‘कांहीं सांपडलें नाहीं’ या वाक्यावरून पुढें कोणत्याच बाजूला जातां येत नाहीं.